दोन मुसळं तिच्याकडे, उखळ माझ्याकडे

येन खे, दिनांक १४ मार्च २०१७

डिसेंबरपासून मी घरात कामापुरतंच बोलते आहे, याबद्दल माझे पती बाच आणि मुलगी वी या दोघांची आधी क्षमा मागते. बाचला वाटलं मी रुसले आहे. वीला वाटलं तिला गणितात कमी गुण पडले म्हणून मी अबोला धरला. दोन्ही खरं नाही. पोटात गाठ आहे. येत्या गुरुवारी हनोईच्या इस्पितळात ती काढणार आहेत. डॉक्टर 'बहुतेक' हा शब्द फार वापरतात, म्हणून हे लिहून ठेवते.

मी, त्रिन्ह थी दोआन, वय सेहेचाळीस, माध्यमिक शाळेत रसायनशास्त्राची शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मन शाबूत आहे असं मात्र शपथेवर लिहिता येणार नाही. वाचणाऱ्याने ते पुढे स्वतः ठरवावं.

१. घर. घर व परसातली जमीन बाच आणि माझ्या नावावर निम्मी निम्मी आहे. माझा निम्मा हिस्सा वीचा. बाचने या घरात हयातभर राहावं. त्यांनी पुन्हा लग्न केलं तरी माझी हरकत नाही. मात्र पहिलंच लग्न पुन्हा केल्यास नव्या संसाराने माझी स्वयंपाकाची खोली वापरू नये.

हे वाक्य मी खोडलं होतं. पुन्हा लिहिलं. मेलेल्या बाईने स्वयंपाकघर अडवून ठेवावं का, याचा विचार केला. हो, ठेवावं.

न जाणणाऱ्यासाठी सांगते: बाचची पहिली बायको मियन. मूल होईना म्हणून सासूबाईंनी तिला काडीमोड घ्यायला लावला. ती माहेरी गेली नाही. दोन गल्ल्या सोडून खोली घेतली आणि तिथेच झो विकायला लागली. डुकराचं मांस लोण्यासारखं होईतो कुटून, केळीच्या पानात बांधून, उकडून केलेला झो हा आमच्या गावाचा धंदा आहे. घरातला हात, म्हणजे झो करण्याची घरची कला, सुनेला देतात, मुलीला देत नाहीत, कारण मुलगी तो दुसऱ्या गावी घेऊन जाते. सासूबाईंनी हात मियनला देऊन टाकला होता. मी आले तेव्हा म्हणाल्या, "एका पिढीत एकदाच देतात गं. तू शाळेत शिकव." काडीमोड झाला तरी हात परत घेता येत नाही, हे त्यांनी आधी बघायला हवं होतं.

२. अंगठी. सासूबाईंनी लग्नात दिलेली सोन्याची अंगठी मियनच्या मापाची आहे. मी अठरा वर्षं दोरा गुंडाळून घालते आहे. ती वितळवून वीसाठी कानातलं करावं. नुसती मोठी-लहान करून घेऊ नये. वितळवावीच.

३. दगडी उखळ. मियन घर सोडून गेली तेव्हा जाताना दोन्ही मुसळं घेऊन गेली. उखळ कोणाला उचलेना म्हणून अंगणात राहिलं. त्यात मी पुदिना लावला. पुदिना मला फारसा आवडतही नाही. मियन कधी गल्लीतून जाताना कुंपणावरून बघते आणि म्हणते, "पुदिना छान आलाय हं." ती हे टोमणा म्हणून म्हणते की सहज, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. उखळ वीचं. ते मियनला विकत, उसनं किंवा भेट म्हणून देऊ नये.

४. वाटण्याचं यंत्र, शीतपेटी आणि तापमापक. हे वीला. सोबत ही पद्धतही देते, कारण ती मी कोणाकडून मागून घेतलेली नाही. वी, जुन्या पद्धतीत मांस कापल्या कापल्या, गरम असतानाच कुटतात. तेव्हा ते पाणी आपोआप धरून ठेवतं. आपल्याला बाजारातून आणलेलं मांस मिळतं, त्याच्यात ती ताकद उरलेली नसते. म्हणून थंडी लागते. पायाच्या बाजूचं मांस चिरून, कडा ताठ होईपर्यंत गोठवायचं. यंत्र थोडं थोडं चालवायचं आणि मध्ये पुन्हा गोठवायचं. बर्फाचा चुरा, माशाचा सॉस, शेवटी चरबी. वाटण गार राहिलं पाहिजे. हात लावून ठरवू नकोस, तापमापक लाव. एकदा ते तापलं की चरबी वेगळी होते, मग कितीही घोट, जुळून येत नाही. उकडल्यावर ओल्या भुशासारखा झो होतो. माझे असे कितीतरी शेजारच्या कुत्र्याने खाल्ले आणि तोही शेवटी शेवटी तोंड फिरवायला लागला. वाटण फिकं गुलाबी झालं, तळहात उलटा केला तरी पडलं नाही, की झालं.

असा झो मी गेल्याच्या गेल्या वर्षी तेतच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, केला. कापल्यावर बारीक छिद्रं, काप वाकवला तर मोडला नाही. पूर्वजांच्या चौरंगावर ठेवला आणि मग पंगतीत वाढला. बाचच्या आत्याबाई, ज्यांना ऐकू कमी येतं आणि ज्या म्हणून मोठ्याने बोलतात, पहिल्या घासालाच म्हणाल्या, "हात असावा तर मियनचा!"

मियनला सणाला बोलावतात. ती तिथेच होती. म्हणाली, "आत्याबाई, हा माझा नाही. दोआनने केलाय."

"काय?"

"दोआनने केलाय!"

"बघा," आत्याबाई सगळ्यांना म्हणाल्या, "घर सुटलं, पण मोठेपणा सुटला नाही. दुसरी असती तर स्वतःचं नाव सांगत फिरली असती."

"अहो, खरंच सांगते. मला एवढा गुळगुळीत जमत नाही."

"ऐका! ऐका कशी बोलते!"

आणि सगळ्यांनी मियनच्या नम्रतेसाठी पेले उंचावले. बाचनेही. तिने खोटं बोलून श्रेय घेतलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. ती खरं बोलली. याचं काय करावं हे मला कळलेलं नाही.

५. बचत. शाळेच्या खात्यातली आणि पोस्टातली सगळी रक्कम वीच्या शिक्षणाला. वी तेरा वर्षांची आहे. बाच मनाने चांगले आहेत, पण ट्रक घेऊन दक्षिणेत जातात आणि हातात पैसा आला की वाटेत भेटेल त्याला जेवू घालतात. वी अठराची होईपर्यंत तिच्या हिश्शाची देखरेख आत्याबाईंनी करावी.

६. अंत्यविधी व वर्षश्राद्ध. बँड नको. माझ्या चौरंगावर मियनच्या हातचा झो ठेवू नये. फोटोतून मला तिचं कौतुक ऐकावं लागू नये, एवढीच विनंती. विकतचा ठेवावा, दुसऱ्या गावचा असला तरी चालेल.

इथवर काल लिहून झालं होतं. लूक सर आमच्या शाळेत भूगोल शिकवतात. ते साक्षीला येणार होते. त्यांनी सांगितलं, दुसरा साक्षीदारही लागेल, आणि ज्याला या कागदातून काही मिळतं किंवा ज्याच्यावर काही सोपवलं आहे, तो साक्षीदार चालत नाही.

हे ऐकल्याबरोबर मी मियनला निरोप पाठवला. कारण लिहायला लाज वाटते, पण लिहिते: तिने साक्ष दिली की तिला या घरातलं काहीही देण्याची सोय कायद्यानेच बंद होईल. मला पुढे दवाखान्यात पडल्या पडल्या मऊ होण्याची भीती होती.

आज दुपारी दोघं आले. मियनने हात पुसले, कागदाकडे बघितलं नाही.

"वाचायचं नाही ना मला?"

"नाही, ताई. मी सही करताना फक्त बघायचं. मग तुम्ही करायची."

"म्हणजे मला काही मिळू नये म्हणून बोलावलंस."

लूक सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"बरं केलंस," ती म्हणाली. "माझ्या बापाच्या वेळी थोरल्या भावाने मला असंच साक्षीला बसवलं होतं. सवय आहे." आणि तिने सही केली. अक्षर सुरेख आहे तिचं, तेही मला आजच कळलं.

लूक सर गेले. ती दारात चपला घालत म्हणाली, "परवा वी कुठे राहणार?"

"आत्याबाईंकडे."

"त्यांना पोर रडलेली ऐकू येणार आहे का?"

"मग तुमच्याकडे पाठवू?" मी म्हणाले. कसं म्हणाले ते तिला कळलं.

"तू पाठवलीस तर येऊ दे. तू पाठवली नाहीस तर नाही घेणार. आजवर घेतली नाही."

"रोज तर तुमच्याकडेच असते शाळा सुटली की."

"उंबऱ्याबाहेर असते. पायरीवर बसून कुटताना बघते. मला म्हणते, 'काकू, मला शिकवा.' मी म्हणते, 'आईला विचारून ये.' विचारलं तिने?"

"नाही."

"नाहीच विचारणार. पहिल्याच दिवशी म्हणाली, 'आईला वाईट वाटेल.' मग मी पण काही बोलले नाही. पाऊस असला की तिला छत्री देते, तेवढीच. आत नाही घेत, दोआन. तुझं तुला राहू दे म्हटलं."

ती गेली. छत्री मला माहीत होती. काळी, मोडक्या दांडीची. ती शाळेतली असेल असं मी धरून चालले होते.

 ही बाई माझ्या मुलीला दारात अडवून माझा मान राखत होती आणि मी तिला कागदाने अडवत होते. हे कळल्यावर मत्सर गेला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. गेला नाही. वाढला. माझ्याहून चांगलं वागण्याची संधी तिने याही बाबतीत सोडली नाही. पण मत्सर माझा आहे आणि पोर तेरा वर्षांची आहे.

७. कलम पाचमधलं शेवटचं वाक्य रद्द. वी अठरा वर्षांची होईपर्यंत तिच्या हिश्शाची देखरेख मियन, राहणार येन खे, हिने करावी. वीला तिच्या उंबऱ्याच्या आत यायला माझी परवानगी आहे. ती आज संध्याकाळी मी वीला तोंडीही दिली. वीने फक्त "रागावून नाही ना म्हणतेस?" असं विचारलं. मी खरं तेच सांगितलं, "थोडी रागावून." मियनने तिला शिकवावं. मुलीला हात देत नाहीत ही रीत ज्यांना मोडवत नसेल त्यांनी माझ्याकडे बोट दाखवावं. कलम तीन तसंच राहील. कलम सहाही. मी बरी होऊन परत आले, तर कलम सात रद्द करण्याचा हक्क मी राखून ठेवते.

स्थळ: येन खे, हनोई. दिनांक: वर दिल्याप्रमाणे.

लिहून ठेवणार: त्रिन्ह थी दोआन (सही)

साक्षीदार:
१. दांग वान लूक, शिक्षक (सही)
२. ~~फुंग थी मियन, झो विक्रेती (सही)~~ कलम सातमुळे ही साक्ष चालणार नाही, म्हणून मीच खोडली आहे. तिचा यात काही दोष नाही. — दोआन

उद्या: दुसरा साक्षीदार शोधणे.