माळ्यावरचे कांदे

मंगळवार, २० मे २००३

आज नसरापूरच्या बाजारातून घरी आले तर माळा निम्मा रिकामा. सासूबाईंनी कामथडीच्या सुमनवन्संना, त्यांच्या लेकीला, कांद्याची पोती भरून टेम्पोत घालून दिली. मला एका शब्दानं विचारलं नाही. विहिरीमागचा तो वाफा मी एकटीनं केला. लावले, खुरपले, काढले, पातीसकट सावलीत वाळवले, मगच माना कापल्या. बारीक मानेचा कांदा दिवाळीपर्यंत टिकतो, हे सासूबाईंना मीच सांगितलं होतं. आज त्यांनी नेमके बारीक मानेचेच निवडून दिले. मला ठेवले ते जाड मानेचे आणि जोडकांदे. पाऊस लागला की सडतील. निवडताना त्यांना काहीच वाटलं नसेल?

यांना सांगितलं तर म्हणाले, "कांद्यापायी तोंड पाडून बसू नगंस. बहीणच हाय माझी."

वन्संवर राग नाही माझा. मागितले असते तर मीच दिले असते. खरंच दिले असते? हो, थोडे तरी.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "फुडल्या साली जरा जादा लाव. सुमनला पुरत न्हाईत."

मी म्हणाले, "म्या न्हाई लावायची आता."

लग्न झाल्यापासून त्यांना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "रान कुणाचं हाय?"

मी यांच्याकडं पाहिलं. यांनी आमटीसाठी वाटी पुढं केली. मी वाढली.