दामूचं नाव उघड्यावर

मंगळवार, संध्याकाळ. बोईसर.

नाल्यात रसायन सोडणाऱ्या कारखान्यावरचा लेख दुपारी पालघरच्या साप्ताहिकाला मेल केला. सोबत, संपादकांच्या खात्रीसाठी, माहिती देणाऱ्या दामूचं नाव. तो त्याच कारखान्यातला कामगार.

आता साप्ताहिकाचे संगणक बघणाऱ्या शिंदेबाई सांगतात, "मेल पाठवणारं आणि घेणारं, दोन्ही मशीन ओळखपाळख नसली तरी आपसात कुलूप ठरवतात, सर. पण आमच्या जुन्या मशीनला ते जमत नाही. मग मेल उघडीच येते, वाटेत कुणालाही वाचता येते." आणि त्यांचं इंटरनेट येतं कारखानदाराच्या मेव्हण्याच्या केबलवरून! कुलूप आहे, असं मी धरून का चाललो? गाढव.

दामूला फोन केला. मेल उघडी गेली, नोकरी जाईल, म्हटलं.

"उघडं गेलंच हाय ना काका, मंग नाव छापूनच टाका. गुपचूप तरी नाय काढता येनार मला."

लेखाखाली माझं टोपणनाव आहे.