अलिमला पाठ असलेली नावं

प्रिय मेरिम,

परवा बालिकचीच्या थांब्यावर एक अनोळखी माणूस माझ्या टॅक्सीत शेजारच्या सीटवर येऊन बसला. मी कुणाचा कोण म्हणून विचारलं, त्याने आपल्या सात पिढ्या सांगितल्या, आणि तिसऱ्या नावाला माझं सगळं बदललं. कुबात, मांबेताली, ओस्मोन. पुढची चार नावं त्याच्या आधी मीच म्हटली असती. सरोवराच्या काठाने गाडी चालत होती आणि मला रस्ता दिसत नव्हता.

ती नावं मला कुठून माहीत, हे तुला सांगायला नको. जर्दाळू पिकले होते, तेव्हा तुझ्या घराच्या ओट्यावर बसून मी आणि अलिम बिया फोडत होतो. मोठ्या भावाला म्हणावं तसं तो म्हणाला, "बाइके, तुझ्या सात पिढ्या म्हण." मी पाचव्याला अडकलो. तो एवढा हसला की बी घशात जायची वेळ आली. "कॉलेजात हेसुद्धा शिकवत नाहीत? बरं झालं सोडलंस!" मग उभा राहून, छाती काढून त्याने कुबातपासून स्वतःच्या सात म्हटल्या, आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "अपाला सांगू नको हं. एजेने शिकवल्यात. गुपचूप." अपा म्हणजे आई, एजे म्हणजे ताई, एवढाच अर्थ तेव्हा मला लागला.

तेव्हाच मला खटकलं होतं. तुझे वडील झुमाबेक, मग तुझ्या धाकट्या भावाचा बाप कुबात कसा? पण मी संशय घेतला तो भलताच. मला वाटलं, तुझ्या आईचंच, साबिरा-अपाचंच काहीतरी जुनं प्रकरण असेल, मोठ्या माणसांच्या भानगडीत आपण कशाला पडा. खरं सांगू? त्या दिवसांत मला संशय घ्यायला दुसरंच पुरत होतं. तू दार उघडण्याआधी दोनदा विचारतेस कोण म्हणून. फोनचं कार्ड बदलतेस. लग्नात, वाढदिवसाला फोटो काढायला लागले की उठून चहा करायला जातेस. माझ्या डोक्यात दुसरा पुरुष बसला होता. थांब्यावरच्या रुस्लानने एकदा डोळा मारून विचारलं, "तुझी शिवणवाली कुणाची वाट बघते रे खिडकीतून?" तेव्हा मी त्याच्या गाडीचा आरसा फोडला. तुला सांगितलं, दगड उडाला.

आई माझ्या नावाने रोज शंख करते. "इंजिनिअर व्हायला बिश्केकला पाठवला, सुट्टीत घरी आला तो टॅक्सीवाला होऊन बसला. ती बाई चहात काय घालते कोण जाणे." तू चहात काही घालत नाहीस. लोकरी नमद्याच्या कारखान्यात तू खाली मान घालून टाके घालत होतीस, मी तुला एजे म्हणून हाक मारली, आणि तू वर बघून म्हणालीस, "तू नको म्हणू एजे, पुरे झालं एकाचं." मला वाटलं, लाडात बोललीस. कॉलेज मी त्या वाक्यावर सोडलं. आता ते वाक्य वेगळं ऐकू येतं. एक जण तुला एजे म्हणतो तेच तुला पुरेसं जड होत होतं, नाही का?

तर तो माणूस, कुबात. माझी पहिली इच्छा त्याला तिथेच दरीत उतरवून द्यायची होती. थांबलो ते ऐकण्यासाठी. तो तालासहून आला होता, घेवड्याची कापणी भावावर टाकून. बोलत राहिला, जसे लांबून आलेले लोक बोलतात. बायकोशी फारकत झाली, तिकडच्या कोर्टाने मुलगा तिच्याकडे दिला, रविवार त्याच्याकडे, आणि पोटगी ठरवली. "पोटगी मी भरतो, भाऊ. ती कुणी उचलतच नाही. पोटगी न उचलणाऱ्या आईबद्दल काय समजायचं? जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा कळू देत नाही ती." यंदा मुलगा पहिलीत जाणार हे त्याने हिशोबाने काढलंय. म्हणून पहिल्या घंटेच्या दिवशी, शाळा उघडते तेव्हा, काराकोलच्या शाळांच्या दारात उभा राहणार आहे. गेल्या महिन्यात कुणीतरी साबिरा-अपाला इथल्या बाजारात पाहिल्याचं त्याच्या कानावर आलंय.

मग त्याने विचारलं, "सहा वर्षांचं पोर केवढं असतं? मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा माझ्या गुडघ्याला धरून उभा राहायचा." आणि मेरिम, माझा हात आपोआप उचलला गेला, अलिमची उंची दाखवायला. मी तो गिअरवर आणला. त्याने ते पाहिलं का, मला अजून कळत नाही. तो खिडकीबाहेर बघायला लागला, इतकंच.

काल मी त्याच्या खोलीवर गेलो. मारायलाच गेलो होतो. गळपट्टी धरून विचारलं, हात उचलायचास का तिच्यावर? तू कोण, असं त्याने विचारायला हवं होतं. विचारलं नाही. म्हणाला, "हात उचलला असता तर माफी तरी मागता आली असती. मी गप्प बसलो." पोरगा चालायला लागला, पायांना बांधलेला दोरा कापायचा सोहळा झाला, सगळं गाव जमलं होतं, आणि कुबातच्या आईने सर्वांसमोर जाहीर केलं की रिवाजाने पहिला नातू माझा, तो माझ्याकडे वाढेल, मला अपा म्हणेल. लोकांनी हात पसरून दुआ दिली. तू हातात कात्री धरून उभी होतीस म्हणे. त्याने नाही म्हटलं नाही. फारकतीनंतर एका रविवारी त्याच्या आईने पोर परत पाठवलं नाही, तेव्हाही तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी तू आलीस, अलिमला उचललंस, आणि गेलीसच. "आई वसंतात वारली," तो म्हणाला. "आता त्याला माझ्याकडे ठेवून घेणारं कुणी राहिलं नाही. मला तो फक्त बघायचाय."

हे खरं कशावरून? माणूस पोरासाठी आईला जिवंतपणी मारूनही सांगेल. त्याचे डोळे कोरडे होते. खुंटीला दुखवट्याची काळी फीत बांधलेली टोपी होती, पण फीत बाजारात कुठेही मिळते. मी रात्रभर त्याचं प्रत्येक वाक्य उलटसुलट करून पाहिलं. मग तुझी वाक्यं केली. "लग्न झालं होतं, संपलं," हे तू मला म्हणालीस. "अलिम आईचं शेंडेफळ," हेही. पहिलं खरं होतं, दुसरं खोटं, आणि दोन्ही सांगताना तुझा आवाज एकच होता. आता तू मला जे जे म्हणालीस, त्यातलं कुठलं कुठल्या बाजूला ठेवू? मी आवडतो म्हणालीस, ते?

पण एक गोष्ट मला कशीही फिरवली तरी खोटी ठरवता येत नाही. आडनाव तू लपवलंस, गाव लपवलंस, स्वतःच्या पोराला स्वतःला ताई म्हणायला लावलंस. ज्या रिवाजाने सासू तुझा मुलगा नेणार होती, तोच रिवाज तू आईच्या हाताने त्याच्यावर पांघरलास. तुझ्या आईला तो अपा म्हणतो, आणि तू त्याच खोलीत बसून ऐकतेस. एवढं सगळं निभावलंस. तर मग सात पिढ्या तरी झुमाबेकच्या शिकवायच्या होत्यास. त्याने त्या शाळेत म्हटल्या असत्या, कुणाला काही कळलं नसतं. तुझ्याने झालं नाही. पोराला खोटे पूर्वज देता आले नाहीत, उद्या हा नकळत स्वतःच्याच रक्तात लग्न करून बसेल ही भीती होती, की त्याच्यात कुबातचं काहीतरी राहू द्यायचं होतं? कारखान्यातून दमून येऊन, अपा झोपल्यावर तू त्याच्या कानात कुबातचं नाव म्हणत होतीस. मला या नावाचा मत्सर वाटतो. परवा गाडीत वाटला तसाच आजही.

चुलीची नळी बसवायला म्हणून आज किल्ली घेतली आणि तुझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितोय. अपा अलिमला घेऊन बाजारात गेलीय, पांढरा सदरा आणि बाईंसाठी फुलं घ्यायला. मी गप्प बसू शकतो. आजच सगळ्यांना गाडीत घालून नारिनच्या बाजूला सोडू शकतो, मग तू जन्मभर माझीच राहशील, कारण दुसरं कुणी तुला ठाऊकच नसेल. हा विचार मला इतका गोड वाटला की माझाच मला संशय आला. गप्प बसणारा एक माणूस तुझ्या वाट्याला येऊन गेलाय. म्हणून मी कुबातकडे चाललोय. तुझा पत्ता सांगणार नाही. एवढंच सांगणार आहे की काराकोलमध्ये एका पोराला तुमच्या साती पिढ्या पाठ आहेत, आणि ते त्याच्या आईने शिकवलंय. मग त्याचा चेहरा बघेन. खोटा वाटला तर शाळेच्या दारात त्याच्या आधी मी उभा असेन, आणि आरसा फोडला तसा त्याला फोडेन. खरा वाटला तर संध्याकाळी तू येऊन हे वाचलंस की मग, अंधार पडल्यावर, तुझ्या दाराशी आम्ही दोघं असू, आणि दोनदा विचारून तू उघडलंस तरच आत येऊ. त्याआधी सामान बांधून निघून जायचं असेल तर जा, मी मागे येणार नाही. पण राहिलीस तर एक कर. तो येण्याआधी अलिमला जवळ बसवून सांग, एजे नाही, आई. त्याला ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू देऊ नकोस. नळी बसवलीय, आता धूर येणार नाही. किल्ली नेहमीच्या विटेखाली ठेवतो, आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.

तू मान किंवा मानू नकोस, तुझाच
बेक्तुर