गळ्यावरची लेस

सिस्टर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी माझं तुमच्याशी असलेलं भांडण मिटलेलं नाही, आणि काल इथे रियाधमध्ये ते पुन्हा उकरलं गेलं. मुलगा इथल्या एका फायनान्स कंपनीत आहे. कंपनीचा मालक हाच त्याचा कफील, म्हणजे इथला जामीनदार. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे चालू राहायचा तर सही त्याचीच लागते. आईने संग्रहालयात जन्मभर जुनी तैलचित्रं दुरुस्त केली, हे मुलाने ऑफिसात कौतुकाने सांगितलं आणि मालकाच्या बायकोने मला चहाला बोलावलं. गाडीत तो मला शाळकरी पोरीसारखं समजावत होता. "आई, छान आहे एवढंच म्हण. आणि ते भिंग पर्समधून काढू नकोस."

चित्र बायकांच्या दिवाणखान्यात आहे. दलालाने पसंतीसाठी पाठवलेलं, पण बाईंनी लगेच भिंतीवर लावून टाकलंय. अठराव्या शतकातली युरोपातल्या कुणा उमरावाची बायको, निळं रेशीम, हनुवटीपर्यंत पांढरी लेस. बाई इंग्रजीत म्हणाल्या, हे दरबारच्या मुख्य चित्रकाराचं काम. लंडनच्या तज्ज्ञाने लेसवरूनच ओळखलं. मी विचारलं, ते कधी येऊन गेले? बाई हसल्या. "पुरुष? या खोलीत?" तज्ज्ञाला फोटो पाठवला होता. मग मात्र मी भिंग काढलं. लेसखालच्या गळ्याच्या रंगाला वयाने बारीक भेगा पडल्या होत्या, आणि लेसचा पांढरा रंग त्या भेगांत उतरला होता. म्हणजे चित्र चांगलं जुनं झाल्यावर कुणीतरी त्या बाईचा उघडा गळा झाकला होता.

मला तिथे तुम्हीच दिसलात. कॉन्व्हेंटमधला तुमचा चित्रकलेचा तास, मी नववीत आहे, छापील चित्रावरून अशाच एका बाईची नक्कल केली आहे, गळा होता तसा रंगवला आहे. तुम्ही माझ्या हातातला ब्रश घेता आणि त्या गळ्यावर पांढरी लेस काढता. "आता बरी दिसते." आंतरशालेय स्पर्धेत त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी लेसचंच कौतुक केलं, आणि तुम्ही सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटलीत. शाबासकी कुणाला देत होतात, सिस्टर?

तर काल मी त्या दिवाणखान्यात सांगून टाकलं, लेस नंतरची आहे, आणि चित्रही त्या चित्रकाराचं नाही, कुणा शिष्याचं आहे. बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. पुढे कुणी खजूरसुद्धा घ्या म्हटलं नाही. गाडीत मुलगा म्हणाला, "आई, त्यांनी तुला चहाला बोलावलं होतं, मत द्यायला नाही." मी म्हटलं, "भिंत दाखवायची नव्हती तर चहा बाहेर पाजायचा."

आज सकाळी मालकाचा फोन आला. आता मुलगा खूश आहे. "आई, त्यांना चित्र परत करायचंय. दलाल ऐकत नाही. ते त्या चित्रकाराचं नाही, एवढं लिहून सही कर. इकाम्याचं काम लगेच होईल म्हणाले." कालपर्यंत तोंड बंद ठेव म्हणणारा, आता पेन उघडून हातात देतो. मघापासून दोनदा दारात डोकावून गेला. त्याला वाटतंय मी तेच लिहिते आहे. लिहिते आहे तुम्हाला, जिथे टपाल जात नाही तिथे.

लेसबद्दल माझी खात्री आहे. त्यावर मी कुठेही सही करीन. पण लेस नंतरची म्हणून चित्रच दुसऱ्याचं, हे मी कुठून आणलं? ते ठरवायचं तर चेहरा बघावा लागतो. रागाच्या भरात मी गळाच बघत राहिले, सिस्टर. तिचा चेहरा मी नीट पाहिलाच नाही.