घर क्रमांक सात, दोन मतदार

जेल रोड, नाशिक रोड
मंगळवार, २५ नोव्हेंबर

सोमनाथ,

नमस्कार. चांदवडला थंडी जास्त, तेव्हा कानटोपी घालतोस असं धरून चालतो. पत्रात खुशाली लिहायची पद्धत आहे, म्हणून मी खुशाल आहे. गुडघा दुखतो. समोरच्या चतुराबाईंनी मेथीचे आठ लाडू दिले. त्यातले चार तुझे, डब्यात ठेवलेत. तुझे मेसेज तुझ्या दीपकच्या लॅपटॉपवरही दिसतात असं तूच म्हणाला होतास, त्यामुळे फोनला हात लावायची भीती वाटते. म्हणून हा कागद. पाकिटावर माझं नाव टाकणार नाही.

आधी आपल्या भांडणाचं. तुझ्या पोराला महापालिकेचं तिकीट मिळतंय म्हटल्यावर मी एवढंच म्हणालो होतो, की लाल बावट्याचा उमेदवार उभा राहिला तर मी त्याचंच काम करीन. तू म्हणालास, "ज्या घरात माझ्या पोराच्या विरोधातली पत्रकं, तिथं मला घास गिळायचा नाही." आणि कांदा लागवडीचं निमित्त काढून भावाकडे निघून गेलास. महिना झाला. माझं म्हणणं अजून तेच आहे. तुझं बदलेल अशी आशा मी चौतीस वर्षांपूर्वीच सोडली.

चौतीसच ना? म्युनिसिपालटीच्या शाळेत मी लाल बावट्याचा पोलिंग एजंट, तू भगव्याचा. तिसरीच्या पोरांच्या बाकावर आपण दिवसभर मांडीला मांडी लावून बसलो. दर चौथ्या मतदाराला तू हुज्जत घालत होतास. दुपारी मात्र डब्यातलं थालीपीठ मोडून अर्धं माझ्या यादीवर ठेवलंस. यादीवर तेलाचा डाग पडला म्हणून मी चिडलो होतो. पुढे प्रत्येक निवडणुकीला आपण तोच बूथ मागून घेतला. आमचे लोक म्हणायचे, हिरामण त्या सोमनाथवर बरोबर नजर ठेवतो. ठेवतच होतो. चारचौघांत तुझ्या शेजारी बसायला मला दुसरी जागाच नव्हती.

ब्याण्णवच्या डिसेंबरनंतर दीड वर्ष मी तुझ्याशी बोललो नाही. तेव्हा तुला जे बोललो त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. अठरा साली शेतकऱ्यांच्या मोर्चात आम्ही मुंबईला चालत निघालो, त्या सकाळी तू आम्हाला वाटेल ती नावं ठेवलीस. दुसऱ्या संध्याकाळी घोटीला खोबरेल तेल आणि माझ्या मापाच्या चपला घेऊन उभा होतास. तेही विसरलो नाही.

असं मागचं लिहीत बसलो की समजावं, पुढचं लिहायला हात धजत नाही.

चूक माझी आहे. गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या अंजलीताई मतदार नोंदणीसाठी घरोघर फिरत होत्या. तू दळण आणायला गेला होतास. सगुणावहिनींना जाऊन वर्ष झालं होतं, आणि "चार दिवस येतो" म्हणून आलेला तू आठ महिने इथेच होतास. मी कणीक मळत होतो. त्यांनी विचारलं, "काका, घरात मतदार किती?" तीस वर्षं मी कार्यकर्त्यांना शिकवत आलो, की घरातलं एक नाव सुटता कामा नये. सवयीने तोंडातून गेलं, "दोन." तुझा कार्ड नंबरही न बघता सांगितला. पत्ता बदलायचा फॉर्म त्या ठेवून गेल्या. संध्याकाळी तो तुझ्यापुढे केला, तू सही केलीस. चष्मा नव्हता म्हणून न वाचता केलीस की सगळं वाचून केलीस, हे मी कधी विचारलं नाही. तूही सांगितलं नाहीस.

आता प्रभागाची यादी आली आहे. घर क्रमांक सात. पाचशे बारा हिरामण भोये, पाचशे तेरा सोमनाथ गांगुर्डे. दोन्ही पक्षांच्या पोरांच्या फोनमध्ये ती आहे.

रविवारी ऑफिसात चिमाजीने सगळ्यांसमोर विचारलं, "कॉम्रेड, हा भगवावाला तुझ्या घरात कोण?" इतकी वर्षं एकत्र पत्रकं चिकटवलेला माणूस. मी म्हणालो, भाडेकरू. तो म्हणाला, "तुझी तर एकच खोली आहे." कोणीतरी हसलं. त्या हसण्यात नेमकं काय होतं ते मला कळलं नाही. तेव्हापासून भाकरीची चव लागत नाही.

काल दीपक आला. मी पाणी दिलं, त्याने ग्लासला हात लावला नाही. काकाच म्हणाला, आवाजही चढवला नाही. "बाबांचं नाव तुमच्या घरातून काढायचा अर्ज मी दिलाय. ते माझ्या फ्लॅटवर राहतात. शुक्रवारी अंजलीताई चौकशीला येतील, तुम्ही फक्त नाही म्हणा. मी तुम्हाला आजपर्यंत काही विचारलेलं नाही, काका. विचारायला लावू नका."

म्हणजे त्याला माहीत आहे. किती माहीत आहे, कधीपासून, ते मी कालपासून डोक्यात फिरवतोय. जिन्यात पाऊल वाजलं तरी दचकतो. या बिल्डिंगमध्ये अकरा बिऱ्हाडं आहेत. 'नाही' म्हटलं तर सगळं निस्तरतं. दीपक निवडून येतो, चिमाजी गप्प बसतो, तुझी नातवंडं तुझ्याकडे पूर्वीसारखी येत राहतात. मी नाहीच म्हणणार आहे. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं.

शुक्रवार

पत्र टाकलं नव्हतं. तीन दिवस खिशात घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन आलो.

अकरा वाजता अंजलीताई आल्या. दीपक जिन्यापाशी उभा होता. साक्षीदार हवा म्हणून त्यांनी चतुराबाईंना बोलावलं. शेजारची दोन दारं उघडी होती, आतली माणसं दिसत नव्हती. मी चौकटीला धरून उभा राहिलो. त्यांनी कागद पुढे केला. 'सदर इसम या पत्त्यावर राहत नाही' असं छापलेलं होतं, खाली माझ्या सहीची जागा. इतक्या याद्या वाचल्या, इतकी नावं घातली, इतकी काढली. ते वाक्य मात्र मला पुरतं वाचवेना. तुझा टॉवेल मागे दोरीवर वाळत होता. महिनाभर तोच धुऊन धुऊन वाळत घालतोय.

मी म्हणालो, "राहतात." आवाज फुटला नाही. त्यांनी विचारलं, "काय म्हणालात, काका?" मग मोठ्याने म्हणालो.

चतुराबाई म्हणाल्या, "राहतात की. गावी गेलेत, येतील." आणि सही करून आत निघून गेल्या. त्यांना काय ठाऊक आहे, कोण जाणे. लाडू नेहमी आठच देतात.

जिना उतरताना दीपकने तुझ्या भावाला केलेला फोन ऐकू आला, "काका, बाबांना कुठं जाऊ देऊ नका, दीड तासात पोचतो." म्हणजे हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तो तुला भेटून गेलेला असेल. तो तुझ्याकडून लिहून मागेल, की तू इथे राहत नाहीस. एकुलता एक पोरगा आहे, निवडणूक तोंडावर आहे, तू काय करशील ते मला सांगता येत नाही. खोट्या जबाबाला शिक्षा आहे असं त्या कागदावर छापलंय. तिचं मला काही वाटत नाही, सोमनाथ. तुझ्या अक्षरातल्या त्या एका ओळीची मात्र इतकी भीती वाटते, की दुपारपासून मी खुर्चीवरून उठलेलो नाही.

लिहून दिलं असशील तर मी भांडणार नाही. पण तसं मला तू कळव. शेवटची यादी लागेल, तेव्हा पाचशे बारानंतर काय आहे ते मला बाकावर बसून बोट फिरवत शोधायला लावू नकोस.

तुझ्याबरोबर राहणारा,
हिरामण