गोळी तीच आहे, डेस

प्रिय डेस,

तुझ्या त्या खाणीवर फोन लागत नाही, आणि तोंडावर बोलायला आले की तू शिडी धरून खड्ड्यात उतरतोस. म्हणून हे पत्र. पाण्याचा टँकर घेऊन इवान सकाळी तुझ्याकडे निघेल, त्याच्या हाती देतेय. तुझं वाचून होईपर्यंत हलायचं नाही, असं त्याला बजावलंय. मी वूलाच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. गॅसवर मोठं पातेलं आहे, ते मधूनमधून ढवळायला उठावं लागतं, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे.

आधी कामाचं. शुक्रवारी हृदयाचे डॉक्टर ॲडलेडहून विमानाने येताहेत आणि त्यांच्याकडे मी तुझं नाव लावलंय. तुला न विचारता लावलंय. तू दवाखान्यातून दार आपटून निघालास आणि थेट खाणीवर जाऊन राहिलास, त्याला महिना होत आला. मी विचारायचं तरी कुणाला, भिंतीला?

तुला वाटतं मला काही कळत नव्हतं. अरे, शनिवारी दुपारी तू दाढी करायला लागलास, रात्रीच्या जेवणात मटणाचा रोस्ट बाजूला सारून नुसत्या भाज्या चिवडायला लागलास, की मला कळायचं आज गोळीचा बेत आहे. भरल्या पोटी ती उशिरा चढते, हे तुझ्याइतकंच मलाही पाठ झालं होतं. चांगली दहा-अकरा वर्षं चालली ती गोळी. सुरुवातीला तू लाजायचास, मग शिट्टी वाजवायला लागलास. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

मग मागच्या वर्षी तिने दगा दिला. एकदा, दोनदा, मग दर वेळी. तू आधी उन्हाला दोष दिलास, कारण माझ्यापासून लपवायला पाकीट गाडीच्या कप्प्यात ठेवलेलं, आणि इथला उन्हाळा कसला ते काय सांगायचं. नवं पाकीट आणलंस, उन्हापासून वाचायला जमिनीखाली खोदलेल्या आपल्या गार खोलीत उशाशी ठेवलंस, तरी तेच. मग क्लबमध्ये वूलाच्या नवऱ्याने, त्या ताकिसने अक्कल शिकवली, “अरे लेका, कंपनीवाले पावडर पातळ करायला लागलेत! एकाच्या जागी दोन मार, बघ घोडा कसा उधळतो!” सगळा क्लब हसला आणि तू खरंच दोन घ्यायला लागलास. घोडा राहिला बाजूला, तूच डोकं धरून बसलास, तोंड लालबुंद, दिव्याकडे बघवेना. तेव्हा कुठे माझ्यासोबत दवाखान्यात आलास.

त्या डॉक्टरीणबाई काय चुकीचं बोलल्या, सांग मला. दोन गोळ्यांवरून झापलं, ते झापायलाच हवं होतं. मग शांतपणे सांगितलं, “अंगाला गोळीची सवय होऊन ती निकामी होते असं सहसा होत नाही, डेस. कित्येकांना ती वर्षानुवर्षं लागू पडते. गोळी तीच आहे, तुमच्या रक्तवाहिन्या त्या राहिल्या नाहीत. त्या भागातल्या वाहिन्या बारीक असतात, त्या पहिल्यांदा तुंबतात. हृदयाच्या त्यानंतर. शुगर वाढलीय तुमची, छाती तपासून घेऊ.” आणि तू काय म्हणालास? “मी खालच्या तक्रारीसाठी आलोय, तुम्ही वर काय बघताय?” मला हसू आलं आणि तुझा पापड मोडला. बायकोसमोर अपमान झाला म्हणे. डेस, मी हसले कारण घाबरले होते. शिडी चढताना मध्येच थांबून तू टोपी नीट केल्यासारखं करतोस, ते मी कधीपासून पाहतेय. टोपीला काही झालेलं नसतं. तुला दम लागलेला असतो.

आणि आता माझं ऐक. शनिवार गेले तर गेले, मला त्याचं दुःख आहे पण वैताग नाही. वैताग याचा आहे की त्याबरोबर तू सगळंच बंद केलंस. मी झोपेपर्यंत तू टीव्हीसमोर बसून राहायचास. माझ्या पाठीवर हात ठेवला तर मी काही मागेन, अशी तुला भीती. अरे मूर्खा, मला हातच हवा असतो! मी काय परीक्षा घ्यायला बसलेय? असा राग येतो की ते पाकीट तुझ्या खड्ड्यात फेकून द्यावं आणि वरून माती लोटावी.

पातेलं ढवळून आले. त्यात गहू शिजतोय, डेस. वूला असा गहू कधी शिजवते ते तुला माहीत आहे, तिची सासू गेली तेव्हा आपण दोघांनी चर्चमध्ये खाल्ला होता. मंगळवारी ताकिस त्याच्या खाणीवर, बादल्या वर ओढायच्या विंचपाशी जरा टेकतो म्हणाला, तो उठलाच नाही. इवानला मी तोंड उघडू दिलेलं नाही, हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं होतं. आणि आज गहू निवडताना वूला माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्याची गोळी दोन वर्षांपूर्वीच बंद पडली होती गं. डॉक्टरने छाती तपासायला सांगितली, तर हा क्लबमध्ये विनोद करत सुटला.” तुला अक्कल शिकवत होता तेव्हा त्याची स्वतःचीच चालत नव्हती. शनिवारी त्याला खांदा द्यायचाय, तुझी जागा पुढची आहे. पण त्याआधी शुक्रवार आहे. इवान गाडी सुरू ठेवून उभा असेल, अंगावरच्या कपड्यांनिशी बस. वूलाने मला गहू किती शिजवायचा, साखर कधी घालायची, सगळं नीट शिकवलंय. पण तो तुझ्यासाठी शिजवायची वेळ मला यायला नको आहे.

चिडलेली, वाट बघणारी, तुझीच
रेलीन