तेलात पाणी येतंय कुठून?

रवि., ८ फेब्रु.
चालू झालं! अप्पांच्या जुन्या गाडीत मी बांधलेलं पहिलं इंजिन! अप्पा वाडीतला पाइप तसाच टाकून धावत आले. ह्याच गाडीतून त्यांनी तीस वर्षं फुलं बाजारात नेली. "लेकीच्या इंजिनाची पहिली फेरी मी मारणार. होळीच्या नाक्यापर्यंत." कबूल. पुढच्या रविवारी.

मंगळ., १०
तेल बघायची डिपस्टिक काढली तर तेल कटिंग चहासारखं. म्ह. पाणी शिरतंय. पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट फुटलं? माझ्याच हातून काही...? कंपनीत लक्ष नाही. पास्कूकाकांना फोन केला, त्यांच्याच गॅरेजात शिकले मी. "घाबरू नको बाय. खोलायचं नाय. आधी बघायचं."

बुध., ११
काका दाब तपासायचा टेस्टर घेऊन आले. रेडिएटरला लावून हवा भरली. अर्धा तास आम्ही दोघं काट्याकडे टक लावून. काटा ढिम्म, दाब जराही उतरला नाही! रेडिएटरमधलं कूलंटही जिथल्या तिथे. गॅस्केट पक्कं! काका डोकं खाजवत, "मग पानी येतंय कुठून?" तेल बदललं. इंजिन चालू करायचं नाही असं ठरलं.

गुरु., १२
सापडलं!! इंजिन चालू न करता तेल काढायचा तळाचा बोल्ट सैल केला. आधी पाणीच आलं. स्वच्छ. माझं कूलंट तर हिरवं! वर तेलाचं झाकण उघडलं, आत तुळशीचं पान. पूजा झाली की तांब्यात उरलेलं पाणी गाडीच्या रेडिएटरला, हा अप्पांचा जुना नेम. इतके दिवस गाडी उभी होती म्हणून बंद होता. आता पुन्हा सुरू, पण तेलाच्या झाकणातून! इंजिनात काही खोट नाही! अंगणात नाचले. काका फोनवर खो खो हसले.

शुक्र., १३
नव्या रेडिएटरचं झाकण कोपऱ्यात आहे, म्हणून गोंधळले असतील. सहज म्हटलं, "अप्पा, पाणी कुठे घालता दाखवा बघू." त्यांनी हात पुढे केला, चाचपत चाचपत तेलाच्या झाकणावर नेला. "हे काय." झाकणावर तेलाच्या डब्याचं पांढरंशुभ्र चित्र, एवढं मोठं.
"अप्पा, नीट दिसतं ना?"
"मला काय धाड भरलीय?" आणि वाडीत निघून गेले.
फार वाईट वाटलं. घरात राहून मला कळलं नाही. चहा सांडतात, पेपर नुसता चाळतात, सगळं आता आठवतंय.

रवि., १५
दोनदा तेल बदलून इंजिन धुतलं. आज डिपस्टिकवर तेल मधासारखं! आवाज काय गोड! काकांनी बॉनेटवर थाप मारली, "पास!" मला हसू आवरेना.
डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. अप्पांना अजून सांगितलं नाही.
किल्ली माझ्या मुठीत. फेरी कबूल केलीय, पण अशा डोळ्यांनी चालवायला कशी देऊ? टॉवेल आणायचं निमित्त करून आत आलेय. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभे. हाका मारतायत, "अगो, ये लवकर!"
खिडकीतून बघितलं. गाडीची पुढची दोन्ही दारं, ड्रायव्हरचं आणि शेजारचं, त्यांनी उघडून ठेवलीत. स्वतः अजून कुठेच बसले नाहीत.